अपराध पोटात घाला

मी एकतीस वर्षं सरकारी नोकरीत भाषांतर केलं. भाषांतरकार म्हटलं की लोक विचारतात, कुठली कादंबरी? आमच्या टेबलावर कादंबऱ्या यायच्या नाहीत. पंचनामे यायचे, जबाब यायचे, फेरफाराचे उतारे, मृत्युपूर्व जबाब, आणि क्वचित तुरुंगातून आलेले अर्ज. मराठीतून इंग्रजीत न्यायचे. 'प्रेत उताणे पडलेले असून' हे शब्द मी किती वेळा इंग्रजीत नेले असतील याची गणती नाही. साहित्य म्हणावं असं एकदाच वाट्याला आलं. एका आरोपीनं जबाब देतादेता अभंग म्हटला होता आणि लिहून घेणाऱ्यानं तोही इमानेइतबारे उतरवला होता. मी दोन रात्री त्यावर घालवल्या. वरून शेरा आला, 'नॉट रेलेव्हंट, ओमिट'.

दयेचे अर्ज एवढ्या वर्षांत तीन आले. तिन्ही राष्ट्रपतींच्या नावे. पहिल्यातलं आणि तिसऱ्यातलं मला फारसं काही आठवत नाही. दुसऱ्यातली एक ओळ मात्र निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी पाठ सोडत नाही.

कागद फुलस्केप, पाठपोट लिहिलेला. समासासाठी डावीकडे घडी घालून पाडलेली रेघ. निळी शाई. अक्षर इतकं वळणदार की ते अर्जदाराचं नाही हे पाहताच कळावं. खाली अंगठा होता, आणि अंगठ्याखाली बारीक अक्षरात 'अर्ज लिहिणार' म्हणून दुसऱ्याच कुणा कैद्याचा नंबर. वरच्या कोपऱ्यात तुरुंगाचा गोल शिक्का, थोडा फाटलेला. पहिलं पान ठरीव होतं: गरिबी, म्हातारी आई, दोन लहान मुलं, पहिलाच गुन्हा. तिन्ही अर्जांत हे असंच होतं, आणि ते ठरीव आहे म्हणून खोटं असेल असं मला कधी वाटलं नाही. दुसऱ्या पानाच्या शेवटी, अंगठ्याच्या अगदी वर, लिहिलं होतं: लेकरू समजून माझा अपराध पोटात घाला.

आता हे इंग्रजीत कसं नेणार? शब्दाला शब्द लावून पाहिला तर शेजारची टायपिस्ट हसायला लागली. डाक न्यायला शिपाई येऊन उभा होता, पुढे दोन सुट्ट्या होत्या. मी लिहिलं, 'काइंडली कंडोन माय ऑफेन्स'. आमच्या हापिसात हा शब्द रोजच्या वापरातला. महिन्यातले तीन लेटमार्क कंडोन व्हायचे. अपील मुदतीनंतर दाखल केलं तर सोबत कंडोनेशन ऑफ डिलेचा अर्ज जोडायचा, म्हणजे विलंब माफीचा. एका माणसानं स्वतःच्या जिवासाठी वापरलेले शब्द मी लेटमार्कच्या रांगेत नेऊन बसवले, आणि डाक गेली.

त्या सुट्टीच्या दोन दिवसांत गणपती होते. आमच्याकडे दीड दिवसाचा. विसर्जनाला निघताना मूर्तीच्या हातावर दही घालून आई म्हणायची, काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाल रे बाबा. हे मी जन्मभर ऐकत आलेले. त्या वर्षी ऐकलं आणि हातातलं ताट तसंच धरून उभी राहिले. माफ करणारा काहीतरी देतो आणि मोकळा होतो. पोटात घालणाऱ्याला आधी घ्यावं लागतं. दुसऱ्यानं केलेलं आपल्या आत ठेवून घ्यायचं, त्याचा पुन्हा उच्चार करायचा नाही, आणि ते पचो न पचो, त्यासह जगायचं. आया हे करतात. गणपतीचं तर पोटच तेवढं आहे. राष्ट्रपतीनं हे कसं करावं?

माझ्या डोक्यात तेव्हापासून हा प्रश्न आहे आणि तो कायद्याचा नाही. कायद्याचं उत्तर राज्यघटनेच्या ७२व्या कलमात आहे. राष्ट्रपतीला क्षमा करता येते, शिक्षा तहकूब करता येते, कमी करता येते, सौम्य करता येते. माझा प्रश्न असा की क्षमा केली, तर केलेला गुन्हा जातो कुठे?

यावर जुन्या शास्त्राचं एक उत्तर आहे, आणि ते अशा पुस्तकात आहे की ज्याचं नाव आमच्या घरात आदरानं घेतलं जात नसे. १९२७च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृती जाळली गेली ते योग्यच झालं, असं मानणारे माझे वडील. निवृत्तीनंतर मी ती वाचली ती कामाच्या सवयीनं, मूळ पाहावं म्हणून. आठव्या अध्यायात चोराबद्दल एक जागा आहे. सोनं चोरणाऱ्यानं केस मोकळे सोडून, खांद्यावर मुसळ घेऊन, धावत राजाकडे जायचं आणि सांगायचं की मी हे केलं, मला शिक्षा कर. राजानं मारलं तरी तो चोरीतून सुटतो आणि सोडून दिलं तरी सुटतो. पण राजानं शिक्षा केली नाही, तर चोराचं पाप राजाला लागतं.

म्हणजे पाप नाहीसं होत नाही, फक्त हात बदलतं. राजाला दया करायला कुणाची मनाई नाही, फक्त तिची किंमत त्याच्या खात्यावर मांडली जाते. त्या ग्रंथात इतर ठिकाणी माणसामाणसात जो भेद केलाय तो वाचताना अंगावर काटा येतो, आणि इथेही ते सोनं ब्राह्मणाचं आहे हे विसरायचं कारण नाही. पण एवढी एक गोष्ट त्या ग्रंथकाराला कळली होती, की दया फुकट मिळत नसते. अंगठा उठवणाऱ्या माझ्या अर्जदारालाही ती कळली होती. त्यानं सोडून द्या म्हटलं नव्हतं. पोटात घाला म्हटलं होतं.

महाडला ज्यांच्या पुढाकारानं ती जाळली गेली, तेच पुढे घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. त्या घटनेत राजा राहिला नाही, राजाची दया राहिली. ती ठेवली ते बरंच झालं. का, ते तीन माणसांच्या एका प्रकरणात दिसतं. उत्तर प्रदेशातले तिघं, एकाच हत्याकांडात, सारख्याच वाट्यानं दोषी, तिघांनाही फाशी. तिघांची अपिलं सर्वोच्च न्यायालयात वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या खंडपीठांपुढे गेली. जीता सिंगचं फेटाळलं गेलं. कश्मिरा सिंगची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. हरबंस सिंगचं फेटाळलं गेलं आणि त्याचा दयेचा अर्जही नामंजूर झाला. ६ ऑक्टोबर १९८१ ही जीता आणि हरबंस दोघांची फाशीची तारीख. हरबंसनं पुन्हा कोर्टात धाव घेतली म्हणून तो त्या दिवशी वाचला. जीतानं घेतली नाही, त्याला फासावर चढवलं गेलं. १९८२ मध्ये निकाल लिहिताना आपले यशवंतराव चंद्रचूड सरन्यायाधीश होते. एकाच कृत्याबद्दल एक मेला, एक जगला, आता तिसऱ्याचं काय, हा पेच त्यांच्यापुढे होता. न्यायालयानं राष्ट्रपतींना विनंती केली की हरबंसची फाशी सौम्य करावी. जीतासाठी कुणालाच काही करता येण्यासारखं उरलं नव्हतं.

न्याय माणसंच करतात, त्यांच्यापुढे त्या दिवशी जे कागद असतात त्यांवर करतात. म्हणून कागदांच्या पलीकडे कुणीतरी बसलेलं असावं लागतं. १९८८ मध्ये केहर सिंगच्या प्रकरणात हाच मुद्दा आला. इंदिरा गांधींच्या हत्येच्या कटातला आरोपी. त्याच्या मुलानं दयेचा अर्ज केला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आपल्याला शिरता येणार नाही, अशी राष्ट्रपतींची समजूत होती. न्यायालयानंच सांगितलं की शिरता येतं. पुरावा नव्यानं पाहता येतो, आमच्याहून वेगळं मतही होऊ शकतं, आणि तसं झालं तर आमचा निकाल खोटा ठरत नाही, कारण ती सत्ताच निराळी आहे. मात्र राष्ट्रपतींनी अर्जदाराला समोर बोलावून ऐकलंच पाहिजे असा हक्क त्याला नाही. अर्जाचा पुन्हा विचार झाला, पुन्हा नकार आला, आणि ६ जानेवारी १९८९ ला फाशी झाली.

इथवर वाचलं की राष्ट्रपती एकटे, रात्री दिव्याखाली कागद वाचताहेत असं चित्र उभं राहतं. पण घटनेत ७४वं कलमही आहे. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं वागतात. १९७६च्या दुरुस्तीनं हे बंधन शब्दांत आलं, १९७८च्या दुरुस्तीनं एकदा फेरविचारासाठी परत पाठवायची मुभा आली. दुसऱ्यांदा तोच सल्ला आला की सही करायची. दयेच्या बाबतीतही हेच, असं १९८० मध्ये मारू राम खटल्यात न्यायालयानं ठरवून टाकलं.

कागदाचा प्रवास सांगते. फाशी कायम झाली की तुरुंगाचा अधीक्षक कैद्याला सांगतो, अर्ज करायचा असेल तर कर. अर्ज आधी राज्यपालांकडे, १६१व्या कलमाखाली. तिथे नाही म्हटलं की दिल्लीला, केंद्रीय गृह मंत्रालयात. निकालपत्रं, तुरुंगातली वागणूक, राज्य सरकारचं म्हणणं, आमच्यासारख्यांनी केलेली भाषांतरं असं सगळं एकावर एक चढतं, आणि त्याच्या डोक्यावर टिपणी बसते. टिपणी हा प्रकार ज्यानं नोकरी केली त्यालाच कळेल. चारशे पानांचं बाड खाली असतं, पण वाचली जातात ती वरची चार पानं. बाकीच्याला पताका लावलेल्या असतात, 'अ' पाहावे, 'ब' पाहावे. किती जण पाहतात हे मी काय सांगू! ती चार पानं सह्या गोळा करत गृहमंत्र्यांपर्यंत जातात आणि तिथून राष्ट्रपती भवनात. उत्तर याच वाटेनं उलटं उतरतं आणि शेवटी कोठडीच्या दारात उभा राहून कुणीतरी ते वाचून दाखवतो.

आणि ते उत्तर कसं असतं? 'अर्ज फेटाळण्यात आला आहे.' मी जन्मभर ही भाषा हाताळली. सरकारी मराठीत कर्ता नसतो. कळविण्यात येते, मंजूर करण्यात येत आहे, विनंती अमान्य करण्यात आली आहे. कुणी केली? पुन्हा ७४व्या कलमाचं दुसरं पोटकलम आहे, की मंत्र्यांनी राष्ट्रपतींना काय सल्ला दिला याची चौकशी कोणत्याही न्यायालयाला करता येणार नाही. (कायद्याच्या मराठीतही पोट आहे, पोटकलम, पोटनियम. असू दे.) तिकडून एक माणूस समोर कुणीतरी आहे असं धरून म्हणतो, घाला. आज्ञार्थ. त्याला समोर 'तुम्ही' लागतो. इकडून उत्तर येतं त्यात 'आम्ही'सुद्धा नसतो.

मग पाप लागायचं कुणाला? राष्ट्रपती म्हणतील, सल्ला मंत्रिमंडळाचा. मंत्री म्हणतील, सही आमची नाही. उपसचिव म्हणेल, मी फक्त टिपणी सादर केली. मी म्हणेन, मी फक्त भाषांतर केलं. कुणाचंही खोटं नाही.

याला आमच्या घरी वाद घालणारा माणूस आहे. माझे यजमान, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. ते म्हणतात, हे असंच हवं. एकाच माणसाच्या पोटावर देशाची दया ठेवली तर त्याला आज भूक असेल, उद्या अजीर्ण. त्यांचं अगदीच चूक नाही. कारण इतकं बांधून ठेवूनही माणसागणिक फरक पडतोच. के. आर. नारायणन यांनी पाच वर्षांत एकाही अर्जाचा निकाल लावला नाही. कलामांनी एक फेटाळला, एकाची शिक्षा सौम्य केली आणि बाकीचे ठेवून दिले. साठलेले अर्ज अभ्यासताना त्यांना जवळजवळ सगळ्यांत सामाजिक आणि आर्थिक विषमतेचा रंग दिसला, असं त्यांनी 'टर्निंग पॉइंट्स'मध्ये लिहिलंय. माझ्या अंगठ्याची मला तेव्हा आठवण झाली. आपल्या जळगावच्या प्रतिभाताईंनी तीसहून अधिक जणांची फाशी जन्मठेपेवर आणली. त्यांच्यानंतर प्रणव मुखर्जींनी तीसहून अधिक जणांचे अर्ज फेटाळले. मुखर्जींच्या पहिल्या दोन वर्षांत तर सरकारही तेच होतं, बदलले होते गृहमंत्री. ते आपले सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे, ज्यांनी तरुणपणी कोर्टातच नोकरी केलेली. ७४वं कलम एक, टिपणीचा नमुना एक, आणि तरी हे असं. म्हणजे माणूस आत आहेच, फक्त तो दिसत नाही.

मला वाटतं, राष्ट्रपतीच्या हातात स्वतःचं म्हणून एकच उरलंय, वेळ. सही कधी करायची याला घटनेत मुदत नाही. ज्यांना नाही म्हणवत नव्हतं आणि हो म्हणायची सोय नव्हती, त्यांनी कागद ठेवून दिला. यात दया असेल का? मी कितीतरी वर्षं 'असेल' असं मानत होते. मग २०१२ मध्ये एक बातमी आली. ज्यांची फाशी त्या वर्षी जन्मठेपेवर आणली त्यातला एक कैदी २००७ मध्येच तुरुंगात मरण पावला होता. पाच वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला राष्ट्रपतींनी जगण्याची परवानगी दिली. आमच्यासारख्यांना यात हसू येत नाही, कारण हे कसं होतं ते ठाऊक असतं. मृत्यूची नोंद एका कपाटात, अर्ज दुसऱ्या कपाटात, आणि दोन्ही कपाटांना आवक-जावकची वेगवेगळी बारनिशी.

जिवंत होते त्यांचं काय चाललं होतं ते २१ जानेवारी २०१४ च्या निकालात आहे, शत्रुघ्न चौहान प्रकरणाच्या. सरन्यायाधीश सदाशिवम यांच्या खंडपीठानं पंधरा जणांची फाशी रद्द केली. बहुतेकांत कारण एकच, दयेच्या अर्जावर निर्णय व्हायला लागलेला विनाकारण उशीर. वर्षानुवर्षं रोज पहाटे पावलांचा आवाज ऐकत पडून राहणं हीच एक शिक्षा आहे आणि ती कुठल्याच कोर्टानं दिलेली नव्हती. तो निकाल मी वर्तमानपत्रात वाचला, स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी राहून, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. म्हणजे शेवटी जे घडलं ते असं, की सरकारनं त्यांचा अपराध पोटात घातलाच नाही. सरकारचाच उशीर इतका वाढला की तो माफ होण्यापलीकडे गेला, आणि त्या उशिराच्या फटीतून ती माणसं बाहेर पडली. मी लिहिलेला शब्द 'कंडोन', विलंब माफ करण्याचा. त्याचा अर्थ असा उलटा होऊन परत येईल हे त्या शिपायाला डाक देताना कुणाला माहीत होतं?

त्या पंधरांत माझा अर्जदार नव्हता. त्याचं काय झालं मला माहीत नाही. भाषांतरकाराला पुढचं कळवायची पद्धत नाही.

त्याच निकालात असंही ठरलं, की अर्ज फेटाळल्याचं कळवल्यापासून फाशीपर्यंत निदान चौदा दिवस मिळाले पाहिजेत. घरच्यांना भेटता यावं, मनाची तयारी करता यावी, शेवटचा कायदेशीर उपाय करता यावा. हे वाचून मला अशोक आठवला. दिल्लीत फिरोजशहा कोटल्यावर त्याचा स्तंभ उभा आहे, राष्ट्रपती भवनापासून काही मैलांवर. त्यावरच्या चौथ्या लेखात त्यानं मृत्युदंड झालेल्यांना तीन दिवसांची सवलत दिली आहे. तेवढ्यात नातेवाइकांनी अधिकाऱ्यांची मनधरणी करावी, नाहीतर मरणाऱ्यानं परलोकासाठी दान किंवा उपास करावा. दंड आणि अनुग्रह यांचा अधिकार आपण रज्जुक नावाच्या अधिकाऱ्यांना सोपवला आहे, हेही तिथेच कोरलंय, आणि मूल जाणत्या दाईच्या हाती देऊन निर्धास्त व्हावं तसा आपण झालो, असा दाखला दिलाय. इतका पश्चात्ताप केलेला राजा, पण फाशी त्यानंही काढून टाकली नाही, आणि दयेचं काम त्यानंही खात्याकडे दिलं. खातं दाईसारखं असतं अशी त्याची समजूत होती. त्याला आमचं आवक-जावक दाखवायला हवं होतं.

अमेरिकेत याच्या उलट रीत आहे. तिथल्या अध्यक्षाला माफी देताना कुणाचा सल्ला बंधनकारक नाही. ८ सप्टेंबर १९७४, रविवार. जेरल्ड फोर्ड सकाळी चर्चमध्ये जाऊन आले आणि टीव्हीच्या कॅमेऱ्यांपुढे बसून त्यांनी निक्सनना माफी दिली. खटला उभाही राहिला नव्हता. आपण दया दाखवली नाही तर देवाच्या दारी आपल्यालाही दयेवाचून नुसता न्याय मिळेल, अशा अर्थाचं ते तेव्हा बोलले. मनूचा राजा दया केली तर पापी होतो. फोर्ड दया न केली तर. दोघांचं गणित उलटं, पण दोघांनीही हिशेब स्वतःच्या नावावर धरला. फोर्ड यांच्या प्रसिद्धी सचिवानं निषेध म्हणून राजीनामा दिला आणि १९७६ची निवडणूक फोर्ड हरले. माफी स्वीकारणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, अशा अर्थाचा १९१५च्या एका निकालातला उतारा ते पुढे पाकिटात बाळगत, असं सांगतात. कुणी विचारलं तर काढून दाखवायला. माझ्या लेखी हे पोटात घालणं होतं, न पचलेलं, पण घातलेलं. निक्सनना माफ करायला हवं होतं असं मला वाटत नाही, तरीही.

यजमानांना हे सांगितलं तर म्हणाले, आणि त्याच सोयीनं एखादा आपल्या सोयऱ्याधायऱ्यांना सोडेल, मग? त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मला राष्ट्रपती मोकाट नको आहेत. सल्ला असू दे, मंत्रिमंडळ असू दे. पण 'नाही' म्हणायचं तर कुणीतरी म्हणा, 'मी नाही म्हणतो', आणि का ते दोन ओळींत लिहा. 'हो' म्हणायचं तरी तसंच. प्रजासत्ताकात राजाचं पाप प्रजेकडे येतं असं म्हणायचं असेल, तर प्रजेला निदान ते कळू दे. आज आपल्याला कळतं ते फक्त पोसण्याचं. दयेचा विषय निघाला की चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत एकच वाक्य: आमच्या पैशानं कशाला पोसायचं? कसाबनं तुरुंगात बिर्याणी मागितल्याची गोष्ट आपण किती चवीनं सांगितली! ती खरी नव्हती, असं सरकारी वकिलांनीच २०१५ मध्ये सांगितलं. तोवर येरवड्याची फाशी होऊन दोन वर्षं उलटली होती.

एक राहिलं. ते मी यजमानांनाही पुष्कळ उशिरा सांगितलं.

तो दुसरा अर्ज रवाना केल्यावर, गणपतीनंतरच्या सोमवारी, नोंदवहीत शेरा लिहिताना गावाचं नाव ओळखीचं वाटलं. मागची पानं चाळली. चार वर्षांपूर्वी त्याच खटल्याचे जबाब माझ्याकडे आले होते. त्यात मेलेल्या मुलाच्या आईचा जबाब होता. नक्कल मी ठेवली नव्हती, ठेवायची नसतेच, पण ते वाक्य आठवलं. तिनं म्हटलं होतं, माझ्या पोटचा गोळा गेला, आता कुणाला काही केलं तरी माझं पोट थंड होणार नाही. मी त्याचं इंग्रजी केलं होतं, 'आय लॉस्ट माय सन', आणि पुढच्या वाक्याला तिचं समाधान होणार नाही अशा अर्थाचं काहीतरी. व्याकरणात चूक नव्हती.

दोन्ही कागद पुढे एकाच बाडात लागले असणार, पताका 'क' आणि पताका 'फ' अशा कुठल्यातरी. ज्याला कुणाला ठरवायचं होतं त्याच्यापुढे एका बाईचं पोट होतं आणि एक माणूस दुसऱ्याच्या पोटात जागा मागत होता. ते दोन शब्द शेजारी ठेवले असते तर त्यानं 'नाही' म्हटलं असतं की 'हो', मला सांगता येत नाही. कदाचित पोट थंड न होणाऱ्या त्या बाईकडे पाहून तो ठामपणे 'नाही' म्हणाला असता, आणि तेही मला समजलं असतं. पण त्याच्यापुढे ते शब्द गेलेच नाहीत. इंग्रजीत दोन्हीकडून पोट गळालं होतं.

आमच्याकडे एक रबरी शिक्का होता, प्रत्येक भाषांतराच्या शेवटी मारायचा: 'भाषांतर मुळाबरहुकूम असे'. त्या जबाबाखाली तो आहे, त्या अर्जाखालीही आहे. शिक्क्याच्या बाजूला तारीख, आणि तारखेवर माझी सही, पूर्ण नावासकट.